शतावरी समजून

पुन्नैवनम, ३ ऑक्टोबर २०१९

मरगदम,

एकच विचारायचं आहे. ते दूध तूही प्यायली होतीस का?

कुठलं दूध, ते तुला सांगायला नको. तंगरासू तापातून उठला होता, अंगात ताकद यावी म्हणून त्याला मूळ घालून दूध द्यायचं ठरलं होतं आणि ते तू उकळायचीस, ते.

माझ्या धाकट्या भावाची, तंगरासूची, बायको म्हणून तू या घरात पाच वर्षं राहिलीस, मला नणंदेला अण्णी म्हणालीस, आणि तुला जाऊन तेवीस झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले तर खुशाली विचारायच्या आधी हेच हातातून उतरलं. तसंच राहू दे.

परवा मंगळवारी शाळेत डेंग्यूच्या काढ्याचं शिबिर होतं. सिद्ध वैद्यकाची सरकारी डॉक्टरीण आली होती, पूंगोडी नावाची, तिशीचीही नसेल. कुणीतरी तिला सांगितलं, इथे वडिवाम्बाळ म्हणून आहे, तिच्या परसात सगळं मिळतं. ती बघायला आली. मीही मिरवत दाखवलं. पोरांच्या खोकल्याचा पानओवा, अडुळसा, काविळीची भुईआवळी, चटणीची कांडवेल, वेखंडाचे गड्डे. वादळात नारळ गेले, गोठ्याचं छप्पर गेलं, पण हे सगळं दोन पावसांत परत उभं राहिलं. ती वहीत लिहून घेत होती. मला बरं वाटलं.

मग मी डबा उघडला. शेजारच्या सेल्वीची लेक बाळंत होऊन आली आहे, तिला दूध कमी आहे. मे महिन्यात कुंपणाजवळ खणून शतावरीचं मूळ मी सोलून, तुकडे करून, वाळवून ठेवलं होतं. पूंगोडीनं डबा सुपात ओतला आणि बोलता बोलता निवडायला लागली. थोड्या वेळानं ती बोलायची थांबली. सुपात दोन ढीग झाले होते.

"आजी, यातलं कुणाला दिलंत?"

"अजून नाही. उद्या द्यायचं आहे."

"नक्की नाही ना दिलं? चिमूटभरसुद्धा?"

"नाही म्हटलं ना."

"हा डावीकडचा ढीग शतावरीचा," ती म्हणाली. "उजवीकडची कळलावी आहे."

मला रागच आला. मी म्हटलं, "कळलावी माझ्याच कुंपणावर आहे. लाल-पिवळी फुलं येतात, पाकळ्या वर वळलेल्या. ती मला शिकवू नकोस."

"फुलं आल्यावर कुणीही ओळखेल. मे महिन्यात वेल वाळून गेलेला असताना ओळखता का?"

मग तिनं सांगितलं. हे पोटात गेलं की पटकीसारख्या उलट्या आणि जुलाब होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जातो. जो वाचतो त्याचे दोन आठवड्यांनी केस गळतात. मुठी मुठीनं हातात येतात.

मी जिथे उभी होते तिथेच ओल्या मातीत बसले. ती पाणी घेऊन आली. तिला वाटलं, सेल्वीच्या लेकीच्या विचारानं मी घाबरले.

म्हणून विचारते. होय किंवा नाही, एवढंच लिही. तुझ्या भावाच्या कोविलपट्टीच्या पत्त्यावर पाठवते आहे, दुसरा माझ्याकडे नाही. फोन नंबर मिळाला असता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास.

तुझी अण्णी,
वडिवाम्बाळ


पुन्नैवनम, ११ ऑक्टोबर २०१९

मरगदम,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज पोस्टमनच्या सायकलकडे बघते.

आठ दिवस झाले, माझ्या हातून काम होत नाही. काल तांदूळ धुतले आणि पाण्याबरोबर तांदूळही ओतून टाकले. अम्मा तिच्या खाटेवरून बघत होती. चौऱ्याऐंशीची आहे, पण डोळे शाबूत आहेत. म्हणाली, "तुला झालंय काय?" मी म्हटलं, पित्त.

मला तो सोळावा दिवस आठवतो आहे. तंगरासूचा सोळावा. बायकांनी तुला कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, केसांत अबोली माळली, ते सगळं शेवटचं उतरवण्यासाठी. फुलं काढायचं काम नणंदेचं, म्हणजे माझं. मी गजरा ओढला. गजऱ्याबरोबर तुझी वेणीच माझ्या हातात आली. निम्मी वेणी, मुळासकट, आणि खाली तुझं डोकं पांढरं.

आवारात पन्नास माणसं होती. मग मी बोलले. माझे शब्द मला तसेच्या तसे आठवतात, तुलाही आठवत असतील. मी म्हटलं, "बघा. नवरा मारणारीला आईनं भर सभेत उघडं पाडलं." मारियम्मन देवीचं नाव घेऊन म्हटलं.

मला ते तेव्हा खरंच वाटलं होतं. हे माझी बाजू मांडायला लिहीत नाही. इस्पितळात सांगितलं होतं की त्याच्या पोटात विषारी काहीतरी गेलं. दूध तू उकळलं होतंस. त्याआधी महिनाभर तुमचं भांडण चाललं होतं, तुला वेगळं बिऱ्हाड करायचं होतं, मिठागरातली नोकरी सोडून त्यानं तुझ्या माहेरी यावं असं तुझं म्हणणं होतं. आणि वर हे केस. मला पुराव्याला आणखी काही नको होतं.

तेवीस वर्षं मी ती गोष्ट सांगितली. गावात नवी सून आली की तिला सांगितली. मुठीत वेणी कशी आली, ते हात करून दाखवायचे.

आता पूंगोडी म्हणते, दोन आठवड्यांनी केस गळतात, जो प्यायला आणि वाचला त्याचे. म्हणजे तूही प्यायलीस. विष घालणारी बाई त्याच भांड्यातलं पिईल का? एवढा साधा हिशेब. तो करायला मला एक परकी पोर माझ्या परसात यावी लागली.

काल ती पुन्हा आली होती. तिला मी नाव न घेता सांगितलं, आमच्या ओळखीत एकीचे असे केस गेले होते. तिनं पहिलं विचारलं, "अंगावर पिणारं बाळ होतं का?" मी म्हटलं, सात महिन्यांचं. तिनं लगेच विचारलं, "ते जगलं?"

तुला उलट्या लागल्या म्हणून तामरैला गावातल्या मुत्तुक्कण्णूच्या शेळीचं दूध घातलं होतं, चार दिवस. मुत्तुक्कण्णू स्वतःहून घेऊन आली होती. मी तर म्हणत होते की आईचं दूध तोडू नका.

मी म्हणत होते, मरगदम. मी.

तू का प्यायली असशील ते मला माहीत आहे. पण ते आज लिहिता येत नाही.

वडिवाम्बाळ


पुन्नैवनम, २४ ऑक्टोबर २०१९

मरगदम,

पहिल्या पत्रात मी नुसतं "मूळ घालून" असं लिहिलं आहे, ते कुणी दिलं ते नाही. "दूध द्यायचं ठरलं होतं" असं लिहिलं आहे. दोन्ही पत्रं टाकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तेवीस वर्षं बोलून जीभ जशी वळली आहे, तसाच हातही वळला आहे.

मूळ मी दिलं. मी खणलं, मी सोललं, वाळवलं, कापडात बांधून तुझ्या हातात दिलं. "सकाळ-संध्याकाळ दुधात उकळ, ताडगूळ घाल," असं सांगितलं. आणि म्हटलं, "तूही दोन घोट घेत जा, पोरीला दूध येईल." म्हणून तू प्यायलीस. मी सांगितलं म्हणून.

माझ्या सासूनं मला ही झाडं शिकवली. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, तेव्हा तिच्याकडून एवढंच घेऊन आले. ती सांगायची, शतावरीचा वेल हिरवा असतानाच त्याला सुती दोरा बांधून ठेव, उन्हाळ्यात दोरा बघून खण. त्या वर्षी मी दोरा बांधला नव्हता. कुंपण माझं, जागा माझ्या पायाखालची, मला दोरा कशाला हवा. "वडिवूच्या हाताला गुण आहे" असं गाव म्हणायचं. ते ऐकून ऐकून मला माझ्या हाताचं कौतुक झालं होतं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मूळ चुकलं हे पूंगोडीनं सांगेपर्यंत खरोखर कळलं नव्हतं. पण यापुढचं माहीत होतं, ते लिहिते.

इस्पितळातून निरोप आला की तंगरासू गेला, आणि डॉक्टर विषाचं म्हणताहेत. मी स्वयंपाकघरात गेले, फळीवरचं ते कापडातलं उरलेलं मूळ उचललं, पदरात घातलं आणि मागच्या तळ्यात टाकलं. त्या मुळातच दोष असेल असं मला वाटलं नव्हतं. पोलीस विचारतील, कुणी काय दिलं, त्यात माझं नाव येईल, आणि उद्यापासून माझ्या दारात कुणी येणार नाही, एवढंच वाटलं. भावाचं प्रेत घरी यायचं होतं आणि मी माझ्या नावाचा विचार करत होते.

मग तू पोलिसांना सांगितलंस, मूळ अण्णीनं दिलं. मी म्हटलं, मी काही दिलं नाही. पुरावा नव्हता, त्यांनी तुला सोडलं. सोळाव्या दिवशी तू देवळासमोर पुन्हा तेच सांगितलंस. पुजाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी तळहातावर कापूर पेटवला आणि दुसऱ्या हातानं विझवून शपथ घेतली. कापूर विझवून कुणी खोटं बोलत नाही असं सगळे मानतात. मीही मानत होते. तुला त्याच संध्याकाळी मागच्या वाटेनं, मिठागराच्या बांधावरून घालवलं.

हे सगळं मी गेल्या रविवारी अम्माला सांगितलं. ती रोज सकाळी तंगरासूच्या फोटोला फूल वाहते आणि तुझं नाव घेऊन शिव्या देते. इतकी वर्षं देते, अगदी दात घासावेत तसं. रविवारी तिनं सुरुवात केली आणि मी म्हटलं, "अम्मा, थांब. तिनं काही केलं नव्हतं." सगळं सांगितलं. मूळ, दोरा, तळं.

अम्मानं फूल फोटोवर ठेवलं. माझ्याकडे वळलीही नाही. म्हणाली, "ते तरंगत होतं."

"काय?"

"वाळलेलं मूळ. बुडेना. तू काठी घेऊन दाबत होतीस. मी मागच्या दारात बसले होते."

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मूळ कसलं ते माहीत नव्हतं. तू काहीतरी बुडवलंस एवढं माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एक गेला होता. दुसरीलाही पोलिसांच्या हवाली करू?"

"आणि मरगदम?"

तिनं पानाची डबी जवळ ओढली. म्हणाली, "ती दुसऱ्याची लेक होती."

मग तिनं डबीतलं पान काढलं, चुना लावला आणि खायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. या बाईनं मला जन्म दिला, मला वाचवलं, आणि रोज सकाळी तुला शिव्या दिल्या त्या माझ्याच कानावर पडाव्यात म्हणून दिल्या. आम्ही दोघी एकमेकींना खोटं सांगत होतो आणि तळ्याचं खरं दोघींनाही ठाऊक होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. मग आम्ही ते नाटक कुणासाठी करत होतो?

माझ्याकडून झालेल्या चुकीची क्षमा मागते. तू सांगशील ते करीन. पाया पडायला ये म्हणालीस तर येईन.

वडिवाम्बाळ


कोविलपट्टी, ६ नोव्हेंबर २०१९

वडिवाम्बाळ यांस,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन मी वाचून ठेवून दिली. तिसरं तामरैच्या हातात पडलं, म्हणून हे लिहिते.

होय, मी प्यायले होते. चार घोट. कडू लागलं म्हणून बाकीचं मोरीत ओतलं. त्यांना कडू लागू नये म्हणून मी ताडगूळ जास्त घातला होता, आणि ते पूर्ण पेलाभर प्यायले. त्या ताडगुळाचा विचार मी अजून करते.

पण तुम्ही हे मला आता विचारता? मी प्यायले हे मी इस्पितळात सांगितलं, पोलिसांना सांगितलं, देवळासमोर सांगितलं. तुम्ही माझ्यापासून चार हातांवर उभ्या होतात. तुमच्या पत्रात तुम्ही फार हादरलेल्या दिसता. मला त्यात नवीन काही सापडलं नाही. एक तळ्याचं तेवढं नवीन, आणि तुमच्या आईचं.

तुमच्या आईचं वाचून मात्र मी जेवले नाही. मी त्यांच्या पायांना एरंडेल चोळायची. बाळंतपणात त्यांनी माझ्या पोटाला पट्टा बांधला होता, माझ्यासाठी सुंठ-मिरीचा लाडू केला होता. माझी समजूत होती की त्यांना खरंच वाटतं मी मारलं. मुलगा गेलेली बाई, तिचा राग मी समजून घेतला होता. तेवढा एक समज मी जपून ठेवला होता, तोही तुम्ही काढून घेतलात.

केस दीड वर्षानं परत आले. मी शाळेत दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकाला लागले होते. तुमच्याकडच्या कुणीतरी इथे येऊन सांगितलं, ही नवऱ्याला विष घालणारी. पालकांनी पोरांना डबे द्यायला सुरुवात केली. आता मी नर्सच्या वसतिगृहात भाज्या चिरते, चुलीपाशी जात नाही. तामरै तेवीसची आहे, शिवणकाम शिकवते. तिचं लग्न दोनदा ठरून मोडलं. दुसऱ्या वेळी त्यांनी निदान खरं कारण तोंडावर सांगितलं.

तुम्ही "चूक" असा शब्द लिहिला आहे. मूळ चुकलं, ती चूक. कापूर ती चूक नव्हे. दोन्हींना एक शब्द वापरू नका.

माझ्या पाया पडू नका. इकडे येऊ नका. तुम्ही जिथे जिथे खोटं बोललात तिथे तिथे जाऊन खरं बोला, दिवसाउजेडी, माणसं असताना. त्यानंतर मला काय वाटेल ते मला माहीत नाही. काही वाटलंच पाहिजे असं नाही.

मरगदम


पुन्नैवनम, २३ नोव्हेंबर २०१९

मरगदम,

आधी पोलीस ठाण्यात गेले, सोमवारी. पूंगोडी बरोबर आली. मी तिला नको म्हटलं होतं, पण ती म्हणाली, "मुळाबद्दल विचारलं तर तुम्ही काय सांगणार?"

तिथे एक तरुण फौजदार बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा चहा मागवला, मला दिला. शेवटी म्हणाल्या, "अम्मा, तेवीस वर्षांनी मी तुमच्यावर काय करायचं, मलाच वरती विचारावं लागेल. तुम्ही लिहून द्या." मी लिहून दिलं. तेच मी तुला तिसऱ्या पत्रात लिहिलं ते, पण "चूक" हा शब्द मुळापुरताच ठेवला. त्याची शिक्क्याची प्रत सोबत पाठवते. तामरैकडे असू दे. पुढे काही झालं तर मी इथेच आहे, कुठे जात नाही.

मग काल शुक्रवारी देवळात. दुपारच्या पूजेला बायका असतात, पुरुषही असतात. मी पुजाऱ्याला सांगून ठेवलं होतं की मला दोन शब्द बोलायचे आहेत. त्याला वाटलं नवसाचं काही असेल.

मी उभी राहिले. मी तुझं नाव घेतलं. ते नाव त्या आवारात इतक्या वर्षांत कुणी शिवीशिवाय घेतलं नव्हतं, त्यामुळे सगळे एकदम वळले. मग मी बोलत गेले. किती वेळ ते कळलं नाही. कापराचं सांगितलं तेव्हा पुजारी दोन पावलं मागे सरला, जणू माझ्या हातात अजून पेटलेला होता.

बोलून झालं. मला वाटलं, आता कुणीतरी तुझ्याबद्दल बोलेल. पहिली मुत्तुक्कण्णू बोलली. आता ऐंशीच्या पुढे आहे, काठी घेऊन येते. म्हणाली, "मग परवा माझ्या नातीला पोटात दुखलं तेव्हा तू काय दिलंस?"

"ओवा आणि सुंठ."

"नक्की ओवाच?"

मग सगळेच विचारायला लागले. मला काविळीत काय दिलं होतंस. माझ्या सुनेला काय. माझ्या आईला शेवटच्या दुखण्यात काय दिलं होतंस, सांग. एक माणूस तर ओरडला की त्याची म्हैस माझ्याच औषधानं मेली. मी म्हशीला कधी औषध दिलेलं नाही. पण मी नाही म्हटलं नाही, कारण माझ्या "नाही"ला आता काही किंमत उरली नव्हती. मी सगळ्यांच्या घरात होते, मरगदम, फळीवर, बाटलीत, कागदाच्या पुडीत, आणि सगळे एकदम घरी पळाले ते सगळं ओतून टाकायला. संध्याकाळपर्यंत गटाराला अडुळशाचा वास येत होता.

आवारात चार-पाच जण उरले. मुत्तुक्कण्णू गेली नव्हती. काठीवर हनुवटी टेकून खाली बघत होती. म्हणाली, "त्या पोरीच्या अंगावर मी राखेचं पाणी टाकलं होतं. बांधापर्यंत गेले होते तिच्या मागे."

पुजारी म्हणाला, "आजी, गप्प राहा."

"का गप्प राहू? तूही होतास. तेव्हा तुझा बाप पुजारी होता, आणि तू हसत होतास."

त्यावर तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

घरी आले तर अम्मा खाटेवर नव्हती. मागच्या दारात, उंबऱ्यावर बसली होती. तिला सगळं कळलं होतं, सेल्वी येऊन सांगून गेली होती. मी विचारलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "माझंही नाव घेतलंस का?"

"घेतलं."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता, "तिला म्हणावं, मी अजून जिवंत आहे. उशीर करू नकोस."

याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं.

सगळे डबे पूंगोडीला दिले. ती म्हणते, दर मंगळवारी गावात येईल, लोकांना झाडं शिकवेल, मला शेजारी बसवेल. "कळलावीही औषधच आहे आजी, पण ती शुद्ध करायला आम्ही पाच वर्षं शिकतो," असं म्हणाली. मी म्हटलं, मला बसवू नकोस. ती म्हणाली, बसाच, आणि चुकलं कसं ते तुम्ही सांगा. अजून ठरवलेलं नाही.

वडिवाम्बाळ


पुन्नैवनम, २५ जानेवारी २०२०

मरगदम,

तू काल येऊन गेलीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. ते मी लिहून काढते आहे, कारण आज सकाळपासून मला ते खरं वाटत नाही.

तू अकराच्या बसनं आलीस. आधी कळवलं नव्हतंस. सेल्वी धावत सांगायला आली. मी बाहेर येऊन उभी राहिले तेव्हा तू पुढच्या रस्त्यानं येत होतीस, मधोमध, तामरै तुझ्या बाजूला. सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणूस होतं. कुणी हाक मारली नाही, तू कुणाकडे बघितलं नाहीस. मुत्तुक्कण्णू काठी टाकून रस्त्यात आली आणि तुझा हात धरायला गेली. तू तिची काठी उचलून तिच्या हातात दिलीस आणि पुढे निघालीस.

मी ओसरीवर पाट ठेवला. तू बसली नाहीस. पाणी दिलं, तू घेतलं नाहीस. तामरैनं घेतलं. तिचं कपाळ तंगरासूचं आहे, मला तिच्याकडे बघवलं नाही आणि दुसरीकडेही बघवलं नाही.

तू सरळ आत अम्माकडे गेलीस. मी दारातच थांबले. अम्मानं तुला ओळखलं. हात जोडायला लागली. तू म्हणालीस, "हात खाली करा. मला एक विचारायचं आहे. मी मिठागराच्या बांधावरून जात होते, अंगात ताप होता, पोर काखेत होती. तुम्ही खिडकीत होतात. मी तुम्हाला बघितलं. तुम्ही काय बघत होतात?"

मला वाटलं अम्मा खोटं बोलेल. ते तिला सोपं होतं.

ती म्हणाली, "तू वळून बघतेस का, ते."

"आणि मी वळले तेव्हा?"

"मी खिडकी लावली."

तू मान हलवलीस. मग म्हणालीस, "एवढंच हवं होतं. माझं मलाच वाटत होतं की खिडकी मी मनानं रचली."

अम्मा रडायला लागली. तिला रडताना मी तंगरासूच्या वेळीही बघितलं नव्हतं. तू तिचे डोळे पुसले नाहीस, पण खाटेवरून घसरलेली चादर वर सरकवलीस. ती तू का सरकवलीस ते मी काल रात्रीपासून विचार करते आहे. कदाचित सवयीनं असेल.

मग तू तामरैला म्हणालीस, "चल, तुझ्या बापाला जिथे नेलं ती जागा बघ." तुला तेव्हा तिथे जाऊ दिलं नव्हतं. मला जागा दाखवावी लागली, म्हणून मी पुढे चालले आणि तुम्ही दोघी मागे. त्या वाटेवर वीस पावलं अंतर ठेवून अर्धं गाव मागे चाललं होतं. तुम्ही तिथे दिवा लावलात. वारा होता, तो दोनदा गेला. तिसऱ्या वेळी तामरैनं ओंजळ धरली.

ती माझ्याशी बोलली. तुला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. तू बस बघायला पुढे गेली होतीस तेव्हा ती म्हणाली, "अत्तै, तुम्ही लिहून दिलेला कागद मी त्या दुसऱ्या स्थळाच्या लोकांना पाठवला." मी विचारलं, मग? ती म्हणाली, "त्यांनी परत विचारलं. मी नाही म्हणून कळवलं." आणि हसली. बापाची बहीण म्हणून तिनं मला अत्तै म्हटलं. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

बस दोनला आली. तामरैनं खिडकीतून हात केला. तू केला नाहीस. बरोबरच केलंस.

तू हात करशील याची मी वाट बघत नव्हते, असं इथे लिहिणार होते. लिहिलंही होतं, मग खोडलं, तुला दिसत असेल. बघत होते. बस वळून दिसेनाशी झाली तरी बघत होते.

वडिवाम्बाळ